न उचलण्याचे शास्त्र

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या, स्थूल आणि भौतिकोपचारतज्ज्ञ बंधूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्दालंकार समज. माझे दोन्ही गुडघे एकदा जमिनीला टेकले की त्यांना परत आणायला माणूस पाठवावा लागतो. लोकांच्या गुडघ्यांवर ज्याचे पोट चालते त्याने ही गोष्ट बाहेर सांगू नये.) तुझी कंबर कशी आहे? मी पाठवलेले व्यायाम तू करत नसशीलच. तरी ते चित्रांसहित कपाटात सुरक्षित असतील अशी आशा करतो. भाऊजींना नमस्कार. आमच्याकडे सर्वांची प्रकृती उत्तम. हे पत्र मी आमच्या इमारतीच्या जिन्यावर, दारापासून तिसऱ्या पायरीवर बसून लिहीत आहे. घर असताना जिना का, याचे विवेचन यथावकाश येईल.

तुझ्या भावजयीच्या डाव्या अंगाने गतवर्षी, मेंदूत अडकलेल्या रक्ताच्या एका यःकश्चित गुठळीचे निमित्त करून, जो संप पुकारला तो तुला ठाऊकच आहे. हात आता वाटाघाटींना थोडाफार तयार आहे. पाय मात्र हट्टाला पेटला आहे. उपचारांची धुरा अर्थातच मी वाहत होतो. ज्याने परक्यांच्या आयाबहिणींना पायांवर उभे केले, त्याने स्वतःच्या पत्नीसाठी बाहेर हात पसरणे मला अप्रशस्त वाटले. परंतु वर्ष सरले तरी ती आधाराशिवाय खुर्चीतून उठेना. शेवटी आमचे डॉक्टर एके दिवशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘आता त्यांना दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या.’ एवढी मोठी शस्त्रक्रिया त्यांनी भूल न देता केली.

मग मी परिसरातील क्लिनिके पालथी घालण्याचा संकल्प सोडला आणि त्यास ‘व्यवसायबंधूंच्या स्नेहभेटींचा दौरा’ असे भारदस्त नाव दिले. आमच्या धंद्यात माणूस पदवीवरून कळत नाही, हातावरून कळतो. आणि हात पारखायचा तर त्याच्याखाली स्वतः पालथे पडावे लागते. म्हणून मी सर्वत्र उजव्या खांद्याच्या दुखण्याचा रुग्ण म्हणून गेलो. (खांदा खरोखरच दुखत होता. सत्य हाताशी असताना मी असत्याचा अवलंब करत नाही.)

पहिले क्लिनिक एका तळघरात होते. तिथल्या व्यवसायबंधूंची यंत्रांवर अढळ श्रद्धा. भिंतीला लागून रुग्ण ओळीने निजवलेले, प्रत्येकाला तारा जोडलेल्या, जणू सगळे चार्जिंगला लावले आहेत. मलाही जोडले. यंत्र गुणगुणू लागले आणि बंधू मोबाइलमध्ये समाधिस्थ झाले. पुरता चार्ज होऊन मी निघालो, तोवर त्यांनी मला एकदाही हात लावला नव्हता. बाद.

दुसरीकडे आरसेच आरसे, आणि एक पिळदार तरुण. त्याने मला ‘काका’ म्हटले ते मी गिळले. पण शेजारी हिच्याच वयाची एक बाई दोन दांड्यांना धरून चालत होती, आणि तो ‘चला, अजून एक फेरी’ म्हणून तिला हाकत होता. ती निमूट चालत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. फेरी उत्तम होती, ताई. टाच आधी टेकत होती, गुडघा अडखळत नव्हता. तरी मी बूट हातात घेऊन बाहेर आलो. कठोर, बाद. तिसरा तर माझा जुना वर्गमित्र. हात विद्वान, पण थंडगार. हिला थंडी सोसत नाही. बाद.

घरी येऊन मी हे दोष सविस्तर निवेदन करत असे. ही निवांत ऐकून घेई. एकदा म्हणाली, “अहो, माझ्यासाठी फिजिओ शोधताय की मुलीसाठी स्थळ? सगळ्यांनाच नाकारलंत तर मुलगी घरातच राहायची.” मी हसलो. ती हसली नाही.

चौथे क्लिनिक एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. एक ठेंगण्या, करड्या केसांच्या बाई, माझ्याहून ज्येष्ठ. मी सदरा उतरवून पाठ दाखवली आणि खांद्याचा पूर्वेतिहास सांगू लागलो, तोच त्यांनी विचारले, “घरी कोणाला उचलता?”

मी संस्कृतचा आश्रय घेण्याच्या बेतात होतो. त्यांनी अवसर दिला नाही. स्वतः एका स्टुलावर बसल्या, माझ्या उजव्या खांद्यावरून समोरच्याची लुळी बाजू ताडून डावा हात मांडीवर लोळत सोडला आणि म्हणाल्या, “उठवा मला. घरी उठवता तसं.” मी काखेत हात घातला, ‘एक, दोन’ म्हटले आणि उचलले.

त्या उभ्या राहिल्या, सावकाश परत बसल्या. “तीन कुठे गेलं?”

ताई, मी पुन्हा करून दाखवले. पुन्हा दोनलाच. शरीर पुढे झुकते, पाय भार घेऊ पाहतात, माणूस थरथरतो, ते सगळे दोन आणि तीनच्या मध्ये असते. तेवढेच मला पाहवत नाही. माझ्या क्लिनिकच्या भिंतीवर मी स्वहस्ते रंगवलेली पाटी तू पाहिली आहेस: ‘रुग्णास उचलू नये. थांबावे.’ तिच्याखाली उभा राहून मी कैक नवऱ्यांना, मुलांना, सुनांना झापले आहे. आणि घरी येऊन वर्षभर हिला रोज उचलत आलो. तिला तीनपर्यंत मी एकदाही पोहोचू दिले नाही.

बाईंनी मला पाणी दिले. म्हणाल्या, “येईन मी घरी. पण तुम्ही खोलीत नाही बसायचं. घरातही नाही.” अशा रीतीने विषय जिन्यापाशी येतो. आज त्यांचा पहिला दिवस. दार आतून लावलेले आहे.

इथेच थांबतो. थोरांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद. मधल्यांनी आपापल्या सोयीने घ्यावे.

तुझा,
ज्याला तू ‘पंडित’ म्हणून चिडवायचीस तो

ता. क. मूळ मुद्दा राहिला. बाई आठवड्यातून तीनच दिवस येणार. उरलेल्या दिवशी ही खुर्चीत पुढे सरकेल आणि मी घरातच असेन. तू महिनाभर येऊन राहा. तुझ्या भावजयीला धरायला नको. तिला कोणीच धरायचे नाही. लहानपणी इंजेक्शनाच्या वेळी तू माझा हात दाबून धरायचीस ना, तसा मला धर.

ता. क. २. वर ‘सर्वांची प्रकृती उत्तम’ असे लिहिले आहे, ते पत्रलेखनाच्या शिष्टाचारास अनुसरून. ही दुपारभर खिडकीकडे तोंड करून बसते. परवा मी उचलताना ती पुटपुटली, “थांबा ना जरा.” मला वाटले, दुखले म्हणून म्हणते आहे.

ता. क. ३. आत खुर्ची करकरली. ही स्वतःच मोजते आहे. ‘एक’ म्हणाली. मी उठलेलो नाही, ताई. कठड्याला धरून बसलो आहे, म्हणून अक्षर वाकडे. ‘दोन’ म्हणून बराच वेळ झाला. बाई काही बोलत नाहीत.

लवकर ये.