आत घेता येणार नाही

प्रिय सोनू,

पत्र बघून दचकू नकोस. तुझ्या आईची, याडीची तब्येत बरी आहे, माझीही. शाळेमागच्या तुरीला यंदा शेंगा बऱ्या धरल्या आहेत, आणि वीज जायची तशी जाते. फोन करायला हवा होता, पण वर्षभर न बोललेला बाप फोनवर आधी काय बोलतो ते मला माहीत नाही. कागदावर खाडाखोड तरी करता येते.

आधी तुझ्या माठाची बातमी देतो. आठवतं ना, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी तू पुसदहून सुट्टीत आलीस आणि आश्रमशाळेच्या लॅबमधला भंगारात काढलेला संगणक मागून घेतलास. चाळीस संगणकांना एकच लाइन, तीही मरतुकडी. तू त्या डब्याला शिकवलंस, की एकाने इंटरनेटवरून काही मागवलं की त्याची प्रत ठेवून घ्यायची आणि पुढच्याला ती घरातूनच द्यायची. मी म्हटलं, म्हणजे माठ भरून ठेवायचा? तू हसलीस. म्हणालीस, हो बापू, प्रत्येकानं विहिरीवर कायले जायचं? तेव्हापासून सगळी शाळा त्याला माठच म्हणते. शिपायाचा लॅब असिस्टंट मी त्या माठामुळे झालो.

या फेब्रुवारीत माठ नासला. नववीच्या पोरींनी मराठी टायपिंगचा फुकटातला प्रोग्राम उतरवला, त्यात व्हायरस. माठाने इमानेइतबारे त्याची प्रत ठेवली आणि मागेल त्याला वाढली. दोन दिवसांत एकतीस संगणक आडवे. शिष्यवृत्तीच्या याद्या गेल्या, दोनशे बारा नावं मी पुन्हा टाइप केली. मुख्याध्यापक म्हणाले, राठोड, हे बंदच करून टाका. तुझ्या हातचं काम मी कसं बंद करणार?

मग ठरवलं, आलेली प्रत्येक फाईल आधी अँटिव्हायरसने तपासायची, मग माठात ठेवायची, मग पोरांना द्यायची. जुना साठा सगळा ओतून दिला. महिनाभर झटलो. तपासणी सुरू झाली की मेमरी पुरायची नाही, डबा मान टाकायचा. किती वेळा तुझा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला. तुझं दहा मिनिटांचं काम होतं. पण या घराला फोन करू नको असं मीच तुला म्हणालो होतो, आता कुठल्या तोंडाने बोलणार?

आणि मेमरी तर माझ्या टेबलाच्या खणातच पडली होती. त्याच्या आधीच्या दिवाळीत धम्मरत्न बोरी अरब गावाहून मोटरसायकलवर आला होता, तुझा हात मागायला. येताना माठासाठी मेमरीची पट्टी घेऊन आला. माठ दमतो, हे त्याने तुझ्याच तोंडून ऐकलं असणार. मी त्याला ओट्यावरूनच परत लावला. बस म्हटलं नाही, पाणीसुद्धा याडीने दिलं. त्याने ठेवलेलं पाकीट मी न उघडता खणात टाकलं. पुढे मार्चमध्ये एका वेळी दोनच फाईली तपासायला लावून कसंबसं भागवलं, पण त्या पाकिटाला हात लावला नाही. असा मी.

एक अडचण उरली होती. पासवर्डचं कुलूप लावून पाठवलेल्या फाईलच्या आत तपासणीला बघता येत नाही. ती सोडायची की अडवायची, ते मला सांगायचं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मी अडवायला सांगितलं. फाईल अडली की दिसायला एक पान केलं, त्यावर मोठ्या अक्षरांत 'ही फाईल आत घेता येणार नाही.' कुणाकडे यायचं ते पोरांना कळावं म्हणून खाली स्वतःचं नाव टाकलं, उत्तमसिंग राठोड. स्क्रीनवर नाव बघून छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

एप्रिलात तुझं लग्न झालं. मी आलो नाही. वाटत होतं, एखादा फोटो तरी येईल. चार्जिंगला लावायच्या निमित्ताने रोज संध्याकाळी याडीच्या फोनमधले फोटो चाळायचो. मे गेला, पोळा गेला, दिवाळी गेली. पोरीने बापाला एका फोटोच्याही लायकीचं मानलं नाही, हे मनात धरून बसलो. याडी माझ्याशी कामापुरतं बोलायची, ताट पुढे सरकवायची आणि उठायची. तुझ्याविना उदास आहे, असं मी समजून चाललो.

गेल्या सोमवारी वर्षाच्या अहवालासाठी अडवलेल्या फाईलींची यादी चाळत होतो. त्यात एकच नाव सात वेळा. सोनू-लग्न. तारखा एप्रिलातल्या, फाईल तुझ्या साइटवरची, आणि मागणारा फोन आपल्याच क्वार्टरमधला. इथे रेंज नाही म्हणून याडीचा फोनही शाळेच्या लाइनवर चालतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

जेवताना विचारलं. तिने भाकरी थापणं थांबवलं नाही. म्हणाली, "तुमीच त लिवलं होतं, आत घेता येणार नाई म्हून. खाली नाव होतं तुमचं. सात डाव वाचलं म्या. मंग पोरीले सांगून देल्लं, बापू घेत नाई, नोको पाठवू." चौथी शिकलेली बाई, अक्षराला अक्षर लावून तिने ते सात वेळा वाचलं असेल.

सोनू, ते पान तुझ्यासाठी लिहिलेलं नव्हतं. तू कुलूप का लावलंस तेही कळलं. इंटरनेटवर घरचे फोटो उघडे ठेवू नयेत, हे तुला दहावीत मीच पढवलं होतं. तू माझं ऐकलंस आणि माझ्याच दारात अडलीस. पण सगळं डब्यावर ढकलून मी मोकळा होणार नाही. आत काय आहे ते न बघता परत लावायचं, हे त्याच्या आधी ओट्यावर मी केलं होतं. लग्नाला न येणाराही मीच. माझं चुकलं, बेटा.

मंगळवारी खण उघडला. धम्मरत्नचं पाकीट फोडून पट्टी बसवली. माठ आता दमत नाही, पोरं विचारतात, सर, नवीन घेतला का. त्याला एवढं सांग. तुझ्या साइटवरून येणारं काहीही अडवायचं नाही, असंही लिहून टाकलं. मग याडीच्या फोनवर ती फाईल मागवली, आणि आली. आठ महिने तू ती तिथून काढली नाहीस. आता ती फक्त पासवर्ड मागते. याडीला तो माहीत आहे. तीन दिवस मी तिच्या मागे लागलो आहे, पण ती म्हणते, "मले काहून विचारता? पोरीले विचारा." म्हणून हे पत्र. पांढऱ्या साडीत तू कशी दिसत होतीस, माझ्या जागी तुझ्या बाजूला कोण उभं होतं, मला बघायचं आहे. पासवर्ड कळव. पत्रात लिहावासा वाटत नसेल तर दोघं या आणि माझ्यासमोर टाका. ओट्यावर थांबू नका, सरळ आत या. पाणी या वेळी मी देईन.

तुझाच,
बापू