स्लॅबखाली निजावे की पत्र्याखाली, याचा लेखी आदेश मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
बदलते हवामान व तीव्र उष्णता अभ्यास प्रकल्प,
लातूर.

अर्जदार : केरबा ज्ञानोबा सुरवसे, धंदा सेंटरिंग काम, रा. मौजे लिंबाळवाडी (पुनर्वसित), ता. औसा.

विषय : अर्जदाराची मुलगी कु. बुद्धप्रिया हिने यंदाच्या उन्हाळ्यात कोणत्या छताखाली निजावे, हे ठरवून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या पथकाची अर्जदाराच्या घरी झालेली भेट.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करतो की, त्र्याण्णवच्या भूकंपात त्याच्या घराचे माळवद, म्हणजे दगडमातीचे छत, निजलेल्या माणसांवर आले. वडील व दोन बहिणी गेल्या. अर्जदार व त्याची आई पार्वतीबाई यांना लोकांनी ओढून काढले. पुढे शासनाने पक्की घरे दिली, त्याबद्दल गाव आभारी आहे. त्या घरांत गावाने ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः बाजूला पत्रे ठोकून त्याखाली निजू लागले. आजतागायत डोक्यावर जड घेऊन गावात कोणी निजत नाही. पार्वतीबाईंचे म्हणणे, "पत्रा पडला तर खोक पडंल, जीव न्हाई जायचा." यात गावाला कधी खोट दिसली नाही.

२. अर्जदार लातुरात क्लासच्या पोरांसाठी उठणाऱ्या इमारतींच्या स्लॅबवर काम करतो. कामात कुचराई नाही. मात्र त्या स्लॅबखाली तो जेवायलाही बसत नाही, भाकरी घेऊन उन्हात जातो. सोबतचे मिस्त्री हसतात. हसोत बापडे.

३. थोरला मुलगा आदर्श डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातुरात आला, तेव्हा घरमालकाने दोन खोल्या दाखवल्या. एक खालची, स्लॅबची. दुसरी गच्चीवरची, पत्र्याची. अर्जदाराने पत्र्याची घेतली व निर्धास्त गावी परतला. गेल्या मे महिन्यात मुलगा भर दुपारी क्लासहून येऊन आडवा झाला. संध्याकाळी खानावळीचा डबा दाराबाहेर तसाच होता. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. त्यावर अर्जदाराचे काही म्हणणे नाही. रडणेही आले नाही, ते अद्याप यायचे आहे.

४. नंतर आपले पथक आले. त्यांनी वरच्या व खालच्या खोलीत उष्णता मोजायची यंत्रे टांगली. पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षा जास्त तापते आणि असे उन्हाळे आता वाढतच जाणार, हे त्यांनी घरी येऊन, चहा घेत समजावले. माणसे सज्जन होती. धाकट्या बुद्धप्रियाला स्लॅबखालीच ठेवा, म्हणाले. पार्वतीबाईंनी विचारले, "आन् जमीन हालली म्हंजे?" भूकंप हा आपल्या अभ्यासाचा विषय नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले.

अर्जदार मग भूकंपाचे पाहणाऱ्या एका साहेबांकडे गेला. भूकंप केव्हा येईल ते सांगता येत नाही, आणि ऊन त्यांच्याकडे नाही, असे समजले.

५. सबब विनंती की, आपण व भूकंपाचे साहेब, उभयतांनी एकत्र बसून यंदा मे महिन्यात मरण वरून आहे की खालून, ते ठरवावे व शिक्क्यानिशी कळवावे. ठरत नसल्यास, जड नाही आणि तापतही नाही असे छत कोठे मिळते ते कळवावे. अर्जदार स्वतः ठोकून घेईल. आदेश चुकला तरी आपणांस बोल लावणार नाही, तसे लिहून देण्यास तयार आहे. या खेपेला खोली दुसऱ्या कोणी निवडावी, एवढेच त्याचे मागणे आहे.

६. बुद्धप्रिया त्याच परीक्षेसाठी लातुरात आली आहे. मालकाने तीच खालची खोली दिली आहे. आदेश येईपर्यंत ती तेथे, स्लॅबखाली निजते. अर्जदार उंबऱ्यावर बसून राहतो. तिला पाय दाराकडे करून निजायला सांगितले आहे. अर्जदारास त्र्याण्णव साली पायाला धरूनच ओढून काढले होते.

त्याचे काम बुडत आहे, तरी उत्तर लवकर द्यावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
केरबा ज्ञानोबा सुरवसे
(सही)

स्थळ : लातूर
दिनांक : ११ एप्रिल २०१८

सोबत : दोन्ही खोल्यांचे फोटो, छतासह.