आई नील बेटावर उतरली

हॅवलॉक बेट, अंदमान
९ जानेवारी २०२५

चि. सौ. वैभवीस बाबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नको. फोन समुद्रात पडला. बोटीत चढतानी वरच्या खिशातून निसटला अन् डुबुक. तुह्या आईचा फोन तर तुह्या चुलतभावाचा, पवनचा बिघडला म्हनून त्याच्यापाशीच ठेवून आलो होतो. म्हनून हे पत्र. लिहायची सवय मोडली, अक्षर संभाळून घे.

तुह्या मावसभावानं, हरीओमनं, पोर्ट ब्लेअरले आमाले पाठीवर अडकवायच्या दोन मोठ्या पिशव्या देल्ल्या. तुह्या आईले निळी, मले करडी. म्हने सुटकेस घेऊन बोटीबोटीनं हिंडता येत नाही मावसाजी, आजकालचे पोरं हिंडतात तसे हिंडा. साठीच्या मानसानं दप्तर अडकवल्यासारखं दिसते. इंझोरीच्या कोनी पायलं असतं तर गावभर झालं असतं. हरीओमचं नौदलाचं जहाज आता महिनाभर दर्यात राह्यन. काही निरोप असला तर त्याच्या बायकोच्या, राखीच्या पत्त्यावर धाड.

आमी दोघं बी मजेत आहो. तुही आई आता समोर बसून नारळपानी पिऊन राह्यली. तिले समुद्र लय आवडला. मी म्हनतो एवढं पानी अन् प्यायले घोटभर नाही, कायच्या कामाचं. हरभऱ्याले दुसरं पानी देल्लं का, ते पवनले इचार.

तुही आई येगळं लिहीत नाही. तिच्या वाटचं बी मीच लिहिलं असं समज.

जावयाले नमस्कार. आमची आठवन येऊ दे, पन काळजी करू नको.

तुहे बाबा


नील बेट, अंदमान
९ जानेवारी २०२५

माह्या लाडक्या वैभूस आईचे पोटभर आशीर्वाद.

मी नीलले उतरली, हे बाबानं तुले लिहिलंच असन. काय कारन लिहिलं मले ठाऊक नाही, कारन मी त्याईले कारन सांगतलंच नाही.

बोट हॅवलॉकले चालली होती. मधात हे नील लागलं. धक्क्यावर दोन बाया भाजीचे टोपले घेऊन उभ्या होत्या. वांगे होते, आपल्याकडं भरताले घेतो तसे. एवढ्या खाऱ्या पान्याच्या मधात वांगे पाहून मले कसंतरीच झालं. मी उठली, पिशवी पाठीवर अडकवली, अन् मी इथं उतरते असं तुह्या बाबाले म्हटलं. त्याईले वाटलं मी बाथरूमले चालली. लवकर ये, बोट थांबत नाही म्हनले. मंग मी खालून वरडून सांगतलं का तुमी पुढं चला, मी पंधरा तारखेले लाँग आयलंडले येते. तेवढ्यात भोंगा वाजला. त्याईले आयकू आलं का नाही, देव जाने. मान तर हालवली त्याईनं.

भांडन झालं नाही, वैभू. खरंच नाही.

इथं शेफाली म्हनून एक बंगाली बाई हाय, तिच्या घरी खोली घेतली. नवरा वारला, वांग्या-मिरच्याचं वावर एकटीच करते. तिचं हिंदी मले समजत नाही, माहं तिले समजत नाही, चांगलं जमते आमचं. काल तिनं मले आधी बसवलं अन् तव्यावरची पोळी थेट माह्या ताटात टाकली. फुगलेली, वाफ निंघत होती. मी ते पाहतच बसली. ती इचारे, काय झालं, काय झालं. चौतीस वर्सात मी सगळ्यायच्या मागून जेवली, आता हे हिंदीत कसं सांगू?

शेफालीच्या फोनवरून बी मी मुद्दाम फोन करत नाही. फोनवर तू रडशीन, मंग मी काहीतरी खोटं सांगीन. पत्ता मागं लिहिला. जीव लहान करू नको.

तुही आई


वाशीम
१८ जानेवारी २०२५

ती. आईस वैभवीचा शि. सा. नमस्कार.

काल शाळेतून आले तर दारात दोन पत्रं पडलेली. एक बाबांचं हॅवलॉकहून, एक तुझं नीलहून, तारीख एकच. बाबांच्या पत्रात तू समोर बसून नारळपाणी पितेस, तुझ्या पत्रात तू दुसऱ्याच बेटावर आहेस. मी दोन्ही पत्रं चार वेळा वाचली. रविकांत म्हणाले, तारीख चुकली असेल. मग त्यांनी स्वतः वाचली आणि नकाशात दोन्ही बेटं शोधायला बसले.

आई, नेमकं काय झालं? भांडण नाही म्हणतेस, मग बाबा खोटं का लिहितात? आणि ती पंधरा तारीखही आता होऊन गेली. तुम्ही भेटलात का? मी कुणाला विचारू? पवनदादाला फोन केला तर तो म्हणाला, बोट चुकली असेल, हरभऱ्याला पाणी दिलं म्हणून सांग. शेजारच्या कस्तुराबाई काकूंच्या कानावर मात्र कसं कोण जाणे गेलंच. त्यांनी मला फोन करून विचारलं, तुही माय पळून गेली का वं? मी हसले, पण फोन ठेवल्यावर तुमची दोन्ही पत्रं पुन्हा काढून वाचली.

एक बोलते, रागावू नकोस. दिवाळीआधी मी बॅग घेऊन इंझोरीला आले होते. माझंही भांडण झालं नव्हतं. चार दिवस कुणाचा डबा न भरता नुसतं पडून राहावं वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तू पवनदादाला मोटरसायकल काढायला सांगितलंस. लग्न झालेली पोरगी कारणाशिवाय माहेरी राहिली की लोक कारण शोधतात, असं म्हणालीस. मी रस्ताभर दादाच्या पाठीमागे रडत आले, हे तुला माहीत नाही. आणि आता तूच कारणाशिवाय बोटीतून उतरलीस. मला आनंद व्हावा की राग यावा, काहीच समजत नाही.

बाबांचा ठावठिकाणा कळव. तू बरी आहेस एवढं तरी लगेच लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी वैभू


नील बेट
२६ जानेवारी २०२५

चि. सौ. वैभवीस आशीर्वाद.

माह्या पयल्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुही आई समोर नव्हती. नारळपानी मी एकटाच पिऊन राह्यलो होतो. बायको बोटीतून उतरून गेली, हे पोरीले कसं लिहावं ते मले सुचलं नाही.

तिनं खालून काय सांगतलं ते भोंग्यात अर्धंच आयकू आलं. पंधरा अन् लाँग एवढंच समजलं. म्हनून पंधराले लाँग आयलंडच्या धक्क्यावर जाऊन बसलो. बोट आली, मानसं उतरले, ती नव्हती. सतराले गेलो, नव्हती. वीसले गेलो, तवा धक्क्यावरचा मानूस मलेच इचारे, बाबूजी, आज कोन येनार? पोलिसात सांगावं तर काय सांगावं? हरवली म्हनावं तर ती हात हालवून उतरली होती.

चोवीसले मी परत नीलले आलो. बाजारात इचारलं, निळी पिशवी, आपल्यासारखं कुंकू लावलेली बाई. लोकाईनं लगेच वावर दाखवलं. कुंपनापासून पन्नास पावलावर ती वांगे तोडून राह्यली होती. पाठमोरी, तरी वळखू आली. संगच्या बाईनं काहीतरी म्हटलं अन् तुही आई हसली. वैभवी, मोठ्यानं हसली. घरी ती असं हसते का? मी लय आठवून पायलं, मले आठवेना.

मी हाक मारायले तोंड उघडलं. पन मी तिले कधी नावानं हाक मारली नाही, आयकलं का असंच म्हनत आलो. ते आयकलं का तिथं तोंडातून निंघेना. मी माघारी फिरलो अन् बेटाच्या दुसऱ्या टोकाले एका लॉजमधी खोली घेतली. काहून, ते मले इचारू नको. मीच दोन दिवसापासून इचारून राह्यलो.

तिले काही कळवू नको. का कळव? तूच ठरव. तू शिकलेली हायेस.

म्हाताऱ्यावर हसजो, पन रुसजो नको.

तुहे बाबा


नील बेट
२८ जानेवारी २०२५

माह्या वैभूस आशीर्वाद.

तुहं पत्र काल भेटलं. मी ते शेफालीच्या वावरात उभ्यानंच वाचलं. मंग बांधावर बसून अजून एकदा वाचलं.

पंधरा तारखेले मी धक्क्यावर गेली होती. तिकीट काढलं होतं. बोट लागली, मानसं चढले, मी उभीच. पाय उचलेना. तिकीटवाला दोनदा वरडला. बोट गेली, अन् मले रडू येईन वाटलं तर भूक लागली. सतराच्या बोटीले तर मी घरूनच निंघाली नाही. तू इचारतं काहून. तुह्या बाबानं मले कधी मारलं नाही, टाकून बोलले नाही. त्याईच्यावर राग नाही. मंग काहून? सकाळी उठली का मी हेच इचारते अन् उत्तर यायच्या आधी शेफालीचा चहा येते. एवढंच सांगता येते का इथं कोनाच्या टाइमावर माह्यं काही नसते.

ते लाँग आयलंडले वाट पाहून कंटाळले असतील. त्याईची काळजी वाटते, झोपेची गोळी कोन आठवून देत असन? परवा बाजारात केळं घेतानी एक मानूस पाठमोरा दिसला, हुबेहूब तुह्या बाबावानी. पाठीवर करडी पिशवी. मी पैसे देऊन वळली तवर तो गेला. शेफालीले सांगतलं तर ती म्हने तुले भास होऊन राह्यले.

आता तुह्या दिवाळीचं. वैभू, मी चुकली. तू कारन सांगत नव्हती म्हनून मले भेव वाटलं का काहीतरी मोठं हाय, अन् ते आयकावं लागू नये म्हनून मी तुले धाडून देल्लं. कारन नसूनबी मानसाले थकवा येते, हे मले ठाऊक होतं. स्वतःचं मी कधी कोनाले म्हटलं नाही, तुहं मी आयकून घेतलं नाही. घराची चाबी पवनजवळ हाय. जवा वाटन तवा ये, मी नसली तरी ये. कोनी इचारलं तर आईनं बलावलं म्हन.

इथं नागपूरचं एक जोडपं उतरलं हाय. उद्या विमानानं चालले, त्याईच्या हाती हे पत्र देते.

दूर हाय म्हनून कमी समजू नको.

तुही आई


इंझोरी
४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस वैभवीचा सा. नमस्कार.

तुमचं पत्र आणि आईचं पत्र दोन दिवसांच्या अंतरानं मिळाली. आई समजते तुम्ही लाँग आयलंडला आहात. तुम्ही तिच्यापासून पाच किलोमीटरवर आहात. हे सगळं फक्त मला माहीत आहे, मी दोन हजार किलोमीटरवर! दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

आधी वाटलं, तुम्हाला लिहावं की बोट रद्द झाली होती. तुमच्या जिवाला बरं वाटलं असतं. पण या घरात एकमेकांना बरं वाटावं म्हणून फार लिहून झालं. म्हणून खरं सांगते. आई पंधरा तारखेला धक्क्यावर आली होती, तिकीटही काढलं होतं, आणि ती बोटीत चढली नाही. का, ते तिलाही कळत नाही. पण ती तुमच्यावर रागावलेली नाही. तुमच्या झोपेच्या गोळीची तिला काळजी आहे. तुम्हाला तिनं बाजारात पाठमोरं पाहिलंय. तिला तो भास वाटला. आता भास राहू नका बाबा. जा तिच्याकडे. न्यायला म्हणून नका जाऊ, नुसते जा.

हे पत्र मी इंझोरीहून लिहिते आहे. चार दिवसांसाठी आले. रविकांतनी स्वतः मोटरसायकलवर आणून सोडलं. अख्ख्या रस्त्यात तीनदा विचारलं, माझं काही चुकलं का. मी तीनदा नाही म्हणाले. फाटकापाशी त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. मग म्हणाले, मी रविवारी येऊ का, नुसता भेटायला? मी हो म्हटलं. कस्तुराबाई काकू विचारायला आल्या होत्या. मी सांगितलं, आईनं बोलावलं. त्या म्हणाल्या, तुही माय तर इथं नाही. मी म्हटलं, तरी बोलावलं. त्या घरी गेल्या, अजून त्यांना काही समजलेलं नाही.

हरभरा घाट्यांनी भरलाय. दोघांची वाट पाहते.

तुमची वैभवी


नील बेट
६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वैभवीस अनेक आशीर्वाद.

तुहं काही पत्र आलं असन तर ते अजून रस्त्यात हाय. पन इथं जे झालं ते लिहितो.

परवा सकाळी मी लॉजच्या वट्यावर दाढी करून राह्यलो होतो. अर्ध्या गालाले फेस. वर पायलं तर तुही आई समोर उभी. बाजारातून इचारत इचारत आली. तिनं इचारलं, किती दिवसाचे आले? मी म्हटलं, बारा. मले वाटलंच, म्हनली. मंग मी दाढी पुरी करस्तोवर ती पायरीवर बसून राह्यली. मले दोन ठिकानी कापलं.

मी इचारलं, माह्यं काही चुकलं का? नाही म्हनली. मी म्हटलं, मंग काहून? मंग म्हनली, सांगता आलं असतं तर इंझोरीतच सांगतलं असतं. मले त्याचा अर्थ लागला नाही. पन खोटं वाटलं नाही.

मी म्हटलं, चाल. ती म्हनली, अठरा तारखेपर्यंत नाही, शेफालीच्या वांग्याचा तोडा चालू हाय. मी म्हटलं, मंग मी बी थांबतो. आधी मी असं इचारलं नसतं, सांगतलं असतं. आता बी सांगतलंच, पन मनातून इचारत होतो, ते तिले समजलं असन. तिनं थोडा इचार केला. थांबा म्हनली, पन तुमच्या खोलीत. मी हो म्हटलं. आता काय, बायको एका टोकाले अन् मी दुसऱ्या टोकाले. सोंगनीच्या आत दोघं बी येतो, पवनले सांग.

ती गेल्यावर लॉजवाला इचारे, बाबूजी, कोन होत्या? मी बायको म्हननार होतो. पन मंग तो इचारन, इथं काहून राहत नाही, त्याले मी काय सांगू? मी म्हटलं, वळखीच्या आहेत, आमच्या गावच्या. अन् म्हटल्यावर मले हसू आलं, वैभवी. चौतीस वर्साची वळख.

उद्या सकाळी ओहोटी हाय. पानी मागं गेलं का इथं खडक उघडे पडतात अन् डबक्यात रंगीत मासोळ्या दिसतात म्हनते. ते दाखवायले तुह्या आईनं मले सात वाजता बलावलं हाय. आमचं लग्न ठरलं तवा मी तिले एकदाच पायलं होतं, ते बी दहा मानसाच्या मधात. एकट्यानं भेटायले मी कधी गेलोच नाही. मले काही समजून नाही राह्यलं. दोन सदरे आहेत, एक पांढरा अन् एक चौकडीचा. कोनता घालू?

तुहे बाबा