गादीवाल्याच्या घरातली झोप

नंदुरबार,
४ फेब्रुवारी २०२५

प्यारी रिम्शा बेटी,

सलाम आणि पोटभर दुआ. तुझ्या अम्मी-अब्बांनाही माझा सलाम सांग. इथे आम्ही सगळे ठीक, म्हसावदला तुम्हीही ठीक असाल.

पत्र बघून हसशील. फोन असताना सासूला हे काय सुचलं, असं म्हणशील. पण बेटा, फोनवर मी विचारते, तब्येत कशी? तू म्हणतेस, ठीक. मग तू विचारतेस, मी म्हणते, ठीक. त्यात आपल्या घरात फोन म्हणजे स्पीकरवरच, मधूनच तुझे सासरे मिरचीचा भाव विचारतात. पत्रात मधे कोणी तोंड घालत नाही. उर्दू मला वाचता येतं, पण लिहिताना हात अडखळतो. धानोऱ्याच्या शाळेत सातवीपर्यंत मराठीच गिरवली, म्हणून मराठीत लिहिते. चुका दिसतील त्या मनातल्या मनात सुधारून घे.

दुकानात लग्नसराईची गर्दी आहे. रमजानच्या आधी सगळ्यांना गाद्या हव्यात. तुझा तौसिफ दिवसभर पिंजायच्या मशीनवर असतो, दाढीत कापूस अडकून म्हाताऱ्यासारखा दिसतो. मांजरीने मागच्या खोलीत कापसाच्या ढिगात पिल्लं घातली आहेत. तो ढीग तुझे सासरे कोणाला हलवू देत नाहीत. गिऱ्हाईक थांबलं तरी चालेल म्हणतात.

त्यांचंच आणखी एक सांगते. तू माहेरी गेलीस आणि मोहल्ल्यात कुजबुज झाली की नासिर गादीवाल्याची सून झोपेत घाबरते. तबस्सुम खालाने तर घरावर साया आहे, भुताची सावली आहे, इथपर्यंत सांगून टाकलं. तुझ्या सासऱ्यांनी ते दुकानावर घेतलं. तुमच्या लग्नाची गादी गच्चीवर नेली, खोळ उसवली, मूठ मूठ कापूस चाचपून पाहिला, उन्हात घातला, पुन्हा पिंजला, पुन्हा टाके घातले. खाली येऊन म्हणाले, "गादीमा काही नही शे." मी म्हटलं, आहे असं कोण म्हणालं होतं? तर म्हणाले, मग ती गेली कशाला?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

गेल्या महिन्यात एका दुपारी जेवण आटोपून मी मधल्या खोलीत खाटेवर पाठ टेकली. डोळा लागला असेल. मग जाग आली. बाहेर मशीन चालू होतं. रनाळ्याचे ईश्वरभाऊ खोळीचा रंग निवडत होते, तौसिफ त्यांना निळा घ्या म्हणत होता. एकेक शब्द ऐकू येत होता. उठावं म्हटलं, तर अंग उठेना. हात नाही, मान नाही, जीभसुद्धा नाही. दारात कोणी तरी उभं होतं. मला वाटलं, गिऱ्हाईक वाट चुकून आत आलं, आणि चपला घालून आलं म्हणून रागही आला. मग ते जवळ आलं. त्याला तोंड नव्हतं. ते माझ्या छातीवर बसलं. कलमा मनात म्हणत होते, ओठावर येत नव्हता. वाटलं, चला, आपली वेळ आली, आणि दूध तर झाकलंच नाही.

तेवढ्यात लाईट गेली. मशीन एकदम बंद पडलं, आणि त्या शांततेत माझा पाय हलला. उठून बसले तेव्हा कुडता घामाने भिजला होता. खोलीत कोणी नव्हतं.

मला तू आठवलीस. त्या सकाळी ओट्याला टेकून, ओढणी घट्ट ओढून तू सांगत होतीस, "अम्मी, मी जागी होते. सगळं ऐकत होते. फक्त हलता येत नव्हतं." आम्ही ते स्वप्न म्हणून ऐकलं. तू स्वप्न सांगत नव्हतीस, बेटा. आता मला माहीत आहे.

मी कोणाला बोलले नाही. थोड्या दिवसांनी परत तसंच झालं. मग दुपारचं आडवं होणंच सोडलं. सुई घेऊन दुकानात बसायचे, डुलक्या खायचे, आणि एक दिवस रजईला टाके घालताना माझी बाहीच रजईला शिवून टाकली. उठायला गेले तर रजई सोबत आली. तुझ्या सासऱ्यांनी बाही सोडवता सोडवता विचारलं, झोप होत नाही का? मी सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी उरलेले टाके कापले, कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "मले बी व्हयेल शे."

तरुणपणी हाताने कापूस पिंजायचे, थंडीच्या दिवसांत काम उरकेना, झोप जेमतेम मिळायची, तेव्हा. कापसात जिन असतो असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मला एका शब्दाने सांगितलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "लोकेसले झोप इकनारा मानूस मी. कोनले सांगू?" यावर आम्ही दोघं असे हसलो की तौसिफ मशीन बंद करून धावत आला. त्याला सांगितलं. तो हसला नाही. खाली बसला आणि म्हणाला, "म्हणजे रिम्शा खरं सांगत होती."

दुसऱ्या दिवशी त्यानेच आम्हाला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर कामिनी मॅडम तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी समजावलं की झोपेत स्वप्न पडतं तेव्हा शरीर आपलं आपण सैल पडतं, नाहीतर स्वप्नातली धावपळ माणूस खाटेवरून करील. कधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागे राहतं. डोळ्यांत राहिलेलं स्वप्न खोलीत उभं दिसतं. पुष्कळांना होतं, यात वेड नाही, आणि त्याने जीव जात नाही. झोप अपुरी झाली, वेळी-अवेळी झोपलं, काळजी असली, उताणं झोपलं, की जास्त होतं. तू तर परीक्षेसाठी पहाटेपर्यंत वाचायचीस आणि फजरच्या नमाजानंतर पडायचीस. रोज एकाच वेळी झोपा-उठा, कुशीवर झोपा, आणि ते आलं तर त्याच्याशी झुंजू नका, श्वास हळू घ्या, पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न करा, असं त्या म्हणाल्या. फारच वारंवार व्हायला लागलं तर परत दाखवा. रमजानात पहाटे सहरीच्या जेवणाला उठताना झोप मोडेल त्याचं काय करायचं, तेही मी विचारून घेतलं. तुझ्या सासऱ्यांनी विचारलं, गादीचा काही संबंध? मॅडम नाही म्हणाल्या. दारातून परत फिरून त्यांनी पुन्हा विचारलं. आता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला कुशीवर झोपायला सांगतात.

तुझ्या अम्मींनी तावीज बांधला आहे तो असू दे. मनाला धीर येतो.

इथेच पत्र संपवणार होते. पण तौसिफ हे पत्र घेऊन शुक्रवारी तुझ्याकडे निघणार, अजून कागद उरला आहे आणि मनातलंही.

सगळं समजलं म्हणून भीती गेली असं नाही, बेटा. आडवी होताना माझी छाती आजही धडधडते. तुझे सासरे शेजारी असतात, पण ते पडले की घोरतात. मी अडकलेली असते आणि त्यांचं घोरणं ऐकत असते. बाहेरून बघणाऱ्याला मी शांत झोपलेलीच दिसत असणार. माझ्या चेहऱ्याकडे बघून आत काय चाललंय हे ओळखेल असं आपल्या घरात एकच माणूस आहे, आणि ते म्हसावदला आहे.

सगळे तुला म्हणत असतील, बरी झालीस की जा. मी तसं म्हणत नाही. बरी होऊन येऊ नको. आहेस तशीच ये.

तुझी वाट बघणारी, तुझ्यासारखीच घाबरट,
शकीला

*

म्हसावद,
८ फेब्रुवारी २०२५

अम्मी,

सलाम. पत्र गच्चीवर जाऊन एकटीने वाचलं, मग खाली येऊन माझ्या अम्मीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती आधी रडली आणि दुधापाशी आल्यावर हसली. तुमचे चिरंजीव शेजारी चहावर चहा पीत छताकडे बघत होते. पत्रात काय आहे, एकदाही विचारलं नाही त्यांनी. जेवताना मात्र मला म्हणाले, "मी तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं." मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. मला वाटत होतं, नंदुरबारला सगळे मला वेडी समजतात आणि परत बोलावणारच नाहीत. माझ्या अब्बांनाही तसंच वाटत होतं. उद्या रविवारी ते दोन-चार मोठ्या माणसांना घेऊन मी परत यायचं की नाही याची बोलणी करायला तुमच्याकडे यायचे होते. आता ते मंगळवारी येतील, मला सोडायला. आजच यांच्या मागे बसून निघाले असते, पण माझ्या अम्मीने बांधून दिलेलं सामान मोटारसायकलवर मावत नाही.

आज सकाळी मला त्या अवस्थेत दिसते ती बाई परत आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, नेहमीसारखी. भीती वाटलीच. पण आज मला करायला काही तरी काम होतं. तिच्याकडे लक्ष न देता मी उजव्या पायाच्या अंगठ्याकडे सगळं लक्ष नेलं, हळूहळू श्वास घेत राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग अंगठा हलला, आणि पाठोपाठ सगळी मी. नीट पाहिलं तर खुंटीवर अब्बांचं स्वेटर लटकत होतं, एक बाही वर अडकलेली.

उठले तर सपाटून भूक लागली होती. चुलीपाशी बसून गरम भाकरी खाल्ली, मिरचीच्या ठेच्याशी, आणि बॅग भरायला घेतली.

मंगळवारी दुपारपर्यंत पोहोचते. त्या दुपारी मी येईपर्यंत झोपू नका. आधी तुम्ही झोपा, मी तुमच्याकडे बघत बसेन. मग माझी पाळी.

अजून बरी न झालेली,
तुमची
रिम्शा