दोघींची नोकरी

कडेगाव

अण्णा,

तुमी फोनवर म्हणालासा, "ठेकेदाराच्या कागदावर गप सही कर." शाळेतलं शिपायाचं काम ठेक्यावर जाणार, मला ठेवणार आणि माझ्या जोडीच्या गोदावरीला वय झालं म्हणून काढणार, असं ठरलं हुतं. मी सही केली न्हाई. पालकसभेत उठले. म्हटलं, "ठेवायचं तर दोघींना ठेवा, न्हाईतर मी बी चालले."

मग पोरींच्या आयाच उठल्या. "ह्या दोघींच्या भरवशावर पोरी शाळंत धाडतो आमी. ठेका नको!"

शाळा समितीच्या अध्यक्षांनी तिथंच ठेका रद्द केला. गोदावरी एवढी हसली, की कवळी हातानं धरावी लागली.

हे पत्र काय टाकत न्हाई. रविवारी विश्रामबागला तुमच्या घरी येते. तुमचं तोंड बघतच सांगायचंय.

तुमचं न ऐकलेली धाकटी बहीण,
राजमती