आईच्या जागेवर

निकिता,

आई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवशीही तूच मला सावरलंस. आता तिच्या जागेवर मला नोकरी मिळाली, तर ऑफिसातले इंग्रजी शब्दही तूच शिकवतेस. काल 'रिप्लेसमेंट' म्हणजे एकाच्या जागी दुसरा, असं तू सांगितलंस आणि मी ताटावरून उठलो. तुझं काही चुकलं नाही, बाळा. पहिल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना माझी ओळख त्याच शब्दाने करून दिली होती. अर्थ माहीत नव्हता, म्हणून मी हसून मान डोलावली होती.

ऑफिसला जायला नगरची पहिली एसटी धरतोय. पिठलं झाकून ठेवलंय, खाऊनच कॉलेजला जा. संध्याकाळी पुढचे शब्द घेऊ.

आईचा स्वेटर ऑफिसात तिच्या खुर्चीवरच आहे. तो मी अजून घरी आणलेला नाही.

पप्पा