मेहरूणच्या तळ्याआधी

जळगाव, १९५४

ती. आबा,
ख्रिस्तात सलाम.

धुळ्याला दोन्ही मंडळ्यांच्या ऐक्यसभेत तुम्ही आणि सासरे एकाच पुस्तकातून गायलात, तेव्हा मी सुखावले होते. घरी येताच सासरे म्हणाले, "प्रभुभोजनाला बसायचं तर मेहरूणच्या तळ्यात बुडून बाप्तिस्मा घे. तान्हेपणी शिंपडलेलं पाणी आमच्या मंडळीत चालत नाही."

बुडायला मी भीत नाही. पण पाण्यात उभं राहून सर्वांसमोर म्हणायचं आहे, "याआधी माझा बाप्तिस्मा झाला नव्हता."

आई सांगायची, माझ्या कपाळावर पाणी घालताना तुम्ही पाळक असूनही विधीचे शब्द विसरलात. माझ्या आधीची लेकरं पुरून झाली होती.

चुलीपुढे ते वाक्य म्हणून पाहते. अर्ध्यावर जीभ अडते.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर ऐक्यासाठी तुम्ही लिहाल, "बोली टाक ते वाक्य, माय." मग मला बोलावंच लागेल.

तुम्ही बाप्तिस्मा दिलेली,
सलोमी